नितळ पाण्याचे दुखणे

एरी सरोवराला एकेकाळी 'मेलेले सरोवर' म्हणत. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरील पाच महासरोवरांपैकी हे सर्वांत उथळ. काठावरच्या शहरांचे सांडपाणी, कारखान्यांचे घाण पाणी आणि शेतांतून वाहून येणारी खते यांमुळे १९६० च्या दशकात त्याचे पाणी हिरवट आणि गढूळ झाले होते. १९७२ मध्ये दोन्ही देशांनी पाण्याच्या गुणवत्तेविषयी करार केला, सरोवरात जाणाऱ्या फॉस्फरसला आळा घातला आणि परिस्थिती हळूहळू सुधारू लागली. त्यानंतर १९९० च्या सुमारास मात्र काही नवलच घडले. दोन-चार वर्षांतच पाणी इतके निवळले की, जिथे हातभर खोलीवरचे दिसत नव्हते तिथे तळ दिसू लागला. काठावरच्या रहिवाशांना आनंद झाला, यात आश्चर्य नाही. सरकारी प्रयत्नांना यश आले, असेच अनेकांना वाटले. परंतु या नितळपणाचे श्रेय बऱ्याच अंशी एका परक्या पाहुण्याकडे जात होते, आणि त्याची किंमत किती मोजावी लागणार आहे याची कल्पना तेव्हा फार थोड्यांना होती.

हा पाहुणा म्हणजे झेब्रा शिंपला. शास्त्रीय नाव ड्रायसेना पॉलिमॉर्फा. अंगठ्याच्या नखाएवढा, फार तर दोन-अडीच बोटे लांबीचा, फिकट कवचावर गडद तपकिरी पट्टे असलेला हा प्राणी गोड्या पाण्यात राहतो. आपल्याकडे शिंपला म्हटले की कोकणातल्या तिसऱ्या किंवा कालवे आठवतात आणि तोंडाला पाणी सुटते. हा शिंपला मात्र त्या कामाचा नाही. त्यात मांस नगण्य, आणि पाण्यातील विषारी द्रव्ये अंगात साठवून ठेवण्याची त्याची खोड. काळा समुद्र, कॅस्पियन समुद्र आणि त्यांना मिळणाऱ्या नद्या हे त्याचे मूळ घर. पीटर सिमॉन पलास या निसर्गशास्त्रज्ञाने १७७१ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. पुढे युरोपातील नद्या कालव्यांनी एकमेकींना जोडल्या गेल्या, लाकडाची आणि धान्याची वाहतूक वाढली, आणि होड्यांच्या तळांना चिकटून हा शिंपला पश्चिमेकडे सरकत राहिला. १८२० च्या दशकात तो लंडनच्या गोद्यांपर्यंत पोहोचला होता. म्हणजे अमेरिकेत तो अचानक आकाशातून पडला असे म्हणता येणार नाही. युरोपला त्याचा दीडशे वर्षांचा अनुभव होता.

त्याच्या यशाचे रहस्य दोन गोष्टींत आहे. पहिली, त्याचे डिंभ. गोड्या पाण्यातील बहुतेक शिंपल्यांची पिल्ले वाढीच्या काळात एखाद्या विशिष्ट माशाच्या कल्ल्यांना चिकटून राहतात. तो मासा नसेल तर वंश खुंटतो. झेब्रा शिंपल्याला अशा कोणाच्या आधाराची गरज नाही. मादी वर्षभरात दहा लाखांपर्यंत अंडी थेट पाण्यात सोडते, त्यांतून निघणारे डोळ्यांना न दिसणारे डिंभ काही आठवडे प्रवाहाबरोबर तरंगत राहतात आणि मग मिळेल तिथे बसतात. दुसरी गोष्ट म्हणजे चिकट धाग्यांचा झुपका. समुद्री शिंपल्यांप्रमाणे हा प्राणी त्या धाग्यांनी दगड, लाकूड, लोखंड, काँक्रीट, प्लास्टिक, इतकेच काय, दुसऱ्या शिंपल्याच्या पाठीलाही घट्ट चिकटतो. उत्तर अमेरिकेतील मूळच्या गोड्या पाण्यातील शिंपल्यांत ही कला मोठेपणी कोणालाच अवगत नव्हती. त्यामुळे नळाच्या आतली भिंत किंवा बोटीचा तळ या जागा तेथे जणू रिकाम्याच पडल्या होत्या.

तो आला कसा, याचे उत्तर धान्याच्या व्यापारात सापडते. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्स जलमार्ग खुला झाला आणि अटलांटिक महासागरातील मोठी जहाजे थेट खंडाच्या पोटात, या सरोवरांपर्यंत जाऊ लागली. युरोपातून गहू-मका न्यायला येणारे जहाज पुष्कळदा रिकामे असते. रिकामे जहाज समुद्रात तोल सांभाळू शकत नाही. म्हणून त्याच्या टाक्यांत बंदरातलेच हजारो टन पाणी भरून घेतात आणि माल चढवताना ते बाहेर सोडून देतात. या बॅलास्ट पाण्याबरोबर त्यातील जिवंत प्राणीही महासागर ओलांडतात. कॅनडा सरकारसाठी १९८१ मध्ये झालेल्या एका पाहणीत हा धोका स्पष्टपणे मांडला गेला होता. तो अहवाल फायलीत राहिला. ह्युरॉन आणि एरी यांच्या मध्ये असलेल्या सेंट क्लेअर या लहान सरोवरात विंडसर विद्यापीठाच्या संशोधकांना १९८८ च्या जूनमध्ये पहिला झेब्रा शिंपला सापडला. तोपर्यंत येऊन त्याला बहुधा दोन वर्षे झाली होती. पुढचा प्रवास माणसाने आधीच तयार करून ठेवला होता. शिकागोच्या कालव्याने मिशिगन सरोवर १९०० पासून मिसिसिपीच्या खोऱ्याला जोडलेले आहे. त्या वाटेने हा शिंपला १९९१ मध्ये इलिनॉय नदीत आणि १९९३ पर्यंत थेट लुइझियानात पोहोचला. पहिली नोंद होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती.

पहिला तडाखा बसला तो नळांना. सरोवराच्या तळाशी टाकलेली पाणी खेचणारी मोठी वाहिनी म्हणजे या शिंपल्यासाठी स्वर्गच. तिथे काळोख आहे, शत्रू नाही आणि वाहत्या पाण्याबरोबर अन्न आपोआप दारात येते. थरावर थर चढत जातात, वाहिनीचा व्यास आक्रसतो, मेलेल्या शिंपल्यांचे गठ्ठे सुटून पंपांत आणि गाळण्यांत अडकतात. मिशिगन राज्यातील मन्रो येथील वीजकेंद्रात १९८९ मध्ये एका चौरस मीटरवर सात लाखांपर्यंत शिंपले मोजले गेले. आदल्या वर्षी हाच आकडा सुमारे दोनशे होता. त्याच मन्रो शहराचा पाणीपुरवठा १९८९ च्या डिसेंबरमध्ये बंद पडला. शिंपले आणि थंडीतला बर्फ यांनी मिळून वाहिनीचे तोंड बंद केले आणि जगातल्या सर्वांत मोठ्या गोड्या पाण्याच्या साठ्यांपैकी एकाच्या काठी असलेल्या शहराला दोन दिवस पाण्यावाचून काढावे लागले.

त्यानंतर वीजकेंद्रे, जलशुद्धीकरण केंद्रे आणि कारखाने यांनी उपाय शोधले. क्लोरीन, गरम पाणी, ओझोन, वाहिन्यांना विशेष लेप, पाणबुड्यांकडून खरवडणे असे सारे प्रकार झाले. क्लोरीनचा वास लागताच शिंपला कवच मिटून घेतो आणि कित्येक दिवस तसाच बसून राहतो; त्यामुळे औषधाचा मारा सतत चालू ठेवावा लागतो, आणि क्लोरीनची सेंद्रिय द्रव्यांशी प्रक्रिया होऊन अपायकारक संयुगे तयार होतात ती डोकेदुखी वेगळीच. १९८९ ते २००४ या काळात वीज आणि पाणी या दोनच क्षेत्रांना सुमारे २६ कोटी ७० लाख डॉलरचा भुर्दंड पडला, असा अंदाज २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. आरंभीच्या काळात अब्जावधी डॉलरची जी भाकिते वर्तमानपत्रांत पुनःपुन्हा छापली गेली, त्यांपैकी बरीचशी केवळ तर्कावर उभी होती. परंतु खर्च अंदाजापेक्षा कमी निघाला म्हणून हायसे वाटण्याचे कारण नाही. नळ स्वच्छ करण्याचा खर्च पावतीवर लिहिता येतो. सरोवराच्या झालेल्या हानीची पावती कोणी फाडत नाही.

ती हानी समजून घ्यायची तर पुन्हा त्या नितळ पाण्याकडे वळावे लागते. एक शिंपला दिवसाला सुमारे एक लिटर पाणी गाळतो. त्यातील सूक्ष्म वनस्पतिप्लवक तो खातो आणि जे नको असेल ते चिकट द्रव्यात गुंडाळून तळाशी टाकतो. पाण्यात तरंगणारे हे प्लवक म्हणजे सरोवराचे कुरणच. त्यावर सूक्ष्म प्राणी जगतात, त्यांच्यावर माशांची पिल्ले, पिल्लांवर मोठे मासे. शिंपल्यांचा थर वाढला की हे कुरण चरून संपते आणि सारे अन्न पाण्याच्या मधल्या थरातून उचलून तळाशी नेले जाते. न्यूयॉर्कजवळच्या हडसन नदीत १९९१ मध्ये झेब्रा शिंपला सापडला. थोड्याच वर्षांत तिथल्या वनस्पतिप्लवकाचे प्रमाण ८० ते ९० टक्क्यांनी घटले. म्हणजे नितळ दिसणारे हे पाणी स्वच्छ झालेले नसते, ते उपाशी झालेले असते.

उत्तर अमेरिकेत गोड्या पाण्यातील शिंपल्यांच्या सुमारे तीनशे मूळ जाती आहेत. एवढे वैविध्य जगात अन्यत्र नाही. त्यांतले काही शिंपले अनेक दशके जगतात. वाळूत अर्धवट रुतून बसलेल्या अशा शिंपल्याच्या पाठीवर शेकडो, कधी हजारो झेब्रा शिंपले वस्ती करतात. मग त्याला कवच उघडता येत नाही, उघडले तर मिटता येत नाही, आणि तोंडाशी आलेले अन्न पाठीवरचे बिऱ्हाडच खाऊन टाकते. सेंट क्लेअर सरोवराच्या खुल्या पाण्यातून आणि एरीच्या पश्चिम भागातून मूळ शिंपले १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळपास नाहीसे झाले.

झेब्रा शिंपल्यापाठोपाठ त्याचा भाऊबंद आला. १९८९ मध्ये एरी सरोवरात सापडलेला हा शिंपला निराळ्या जातीचा आहे हे १९९१ मध्ये लक्षात आले, आणि नामशेष झालेल्या क्वागा या झेब्र्याच्या उपजातीवरून त्याचे नाव क्वागा शिंपला असे ठेवण्यात आले. नाव नामशेष प्राण्याचे मिळाले तरी हा गडी नामशेष होण्यातला नव्हे. झेब्रा शिंपल्याला बसायला कठीण पृष्ठभाग लागतो आणि तो मुख्यतः उथळ पाण्यात रमतो. क्वागा मऊ गाळावरही राहतो, शंभर मीटरहून खोल, बर्फासारख्या थंड पाण्यात वाढतो आणि हिवाळ्यातही पाणी गाळत राहतो. मिशिगन सरोवरात त्याने झेब्रा शिंपल्याला जवळजवळ हुसकावून लावले आणि तळ व्यापून टाकला. वसंत ऋतूत तिथे प्लवकाचा जो बहर येत असे तो ओसरला. पाचही सरोवरांत सुपीरियर हे सर्वांत निर्मळ अशी परंपरागत ख्याती; परंतु मिशिगन आणि ह्युरॉन यांनी नितळपणात त्यालाही मागे टाकल्याचे उपग्रहांच्या नोंदींवरून दिसून आले आहे. सुपीरियर स्वतः या संकटातून बरेचसे बचावले, त्याचे कारण साधे आहे. त्याच्या पाण्यात कॅल्शियम कमी आहे आणि कॅल्शियमवाचून कवच बनत नाही.

खोल पाण्याच्या तळाशी डायपोरिया नावाचा कोळंबीसारखा दिसणारा इवलासा जीव विपुल असे. चरबीने भरलेला हा जीव म्हणजे माशांचे सकस अन्न. शिंपले पसरले तसतसा तो मिशिगन, ह्युरॉन आणि ऑन्टॅरिओ सरोवरांच्या मोठ्या भागांतून दिसेनासा झाला. तो नेमका कशाने गेला याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही, कारण काही ठिकाणी अन्न शिल्लक असतानाही तो गेला. त्याच्यावर पोसला जाणारा लेक व्हाइटफिश हा मासा कृश झाला आणि पुढे मिशिगन व ह्युरॉन सरोवरांत त्याची पिल्ले जगेनाशी झाली. हा केवळ व्यापारी मासेमारीचा प्रश्न नाही. १८३६ च्या तहाने आपली भूमी देऊन टाकताना अनिशिनाबे लोकांनी मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता, आणि व्हाइटफिश हे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न आहे. हक्क कागदावर शाबूत आहे, मासा मात्र संपत चालला आहे. पिल्ले तळ्यांत वाढवून सरोवरात सोडण्याचे प्रयत्न काही जमातींनी सुरू केले आहेत.

ह्युरॉन सरोवराची कथा आणखी गुंतागुंतीची आहे. अ‍ॅलवाइफ हा समुद्रातला मासा कालव्यांच्या वाटेने तिथे शिरून बेसुमार वाढला होता. त्याला आवर घालण्यासाठी १९६० च्या दशकात पॅसिफिक महासागरातील सॅमन आणून सोडण्यात आले. उपाय लागू पडला आणि सॅमनच्या गळेमारीवर काठावरच्या गावांचे पर्यटनही फुलले. २००३ च्या सुमारास अ‍ॅलवाइफ कोसळला, पाठोपाठ सॅमन गेला, आणि गळ टाकायला येणारे पाहुणेही गेले. सॅमनची वाढलेली भूक आणि शिंपल्यांनी रिकामे केलेले कुरण या दोन्हींच्या कात्रीत अ‍ॅलवाइफ सापडला होता.

नितळ पाण्यात सूर्यप्रकाश खोलवर पोहोचतो, ही वरवर चांगली वाटणारी गोष्टही बाधली. तळाशी क्लॅडोफोरा या तंतुमय शेवाळाचे गालिचे वाढले. ते तुटून किनाऱ्यावर येते, कुजते आणि दुर्गंधी सुटते. शिवाय वाळूत फुटक्या शिंपल्यांचे धारदार तुकडे असतात. पाण्याखाली कुजणाऱ्या शेवाळामुळे प्राणवायू संपतो आणि तिथे बोट्युलिझमचे विष निर्माण करणारे जिवाणू माजतात. तळाशी चरणारा राउंड गोबी हा मासा, तोही काळ्या समुद्राकडूनच आलेला, हे विष अंगात घेतो आणि त्याला खाणारे लून, गल, बदके असे पक्षी लुळे पडून मरतात. २००६ आणि २००७ मध्ये मिशिगन सरोवराच्या काठी अशा मृत पक्ष्यांचा खच पडला होता.

विषारी शेवाळाचेही तसेच. मायक्रोसिस्टिस हा नीलहरित जिवाणू शिंपल्याला रुचत नाही. तो त्याला थुंकून टाकतो आणि त्याचे प्रतिस्पर्धी मात्र खाऊन फस्त करतो. २०१४ च्या ऑगस्टमध्ये एरीच्या पश्चिम टोकाला असलेल्या टोलेडो शहरात नळाचे पाणी पिऊ नका, असा आदेश द्यावा लागला. सुमारे चार लाख लोक जवळजवळ तीन दिवस बाटलीबंद पाण्यावर राहिले. शेतांतून येणारा फॉस्फरस हा तिथला मुख्य गुन्हेगार खरा. पण शिंपल्यांनी त्याला हात दिला, असे मानायला आधार आहे.

एवढे सारे घडत असताना कायद्याची चाके हळू फिरत होती. अमेरिकेने १९९० मध्ये कायदा केला आणि १९९३ पासून महासरोवरांत येणाऱ्या जहाजांना आपले बॅलास्ट पाणी भर समुद्रात बदलणे सक्तीचे झाले. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यातले बहुतेक जीव मरतात, हा त्यामागचा हिशेब. 'टाक्या रिकाम्या आहेत' असे सांगणारी जहाजे तळाच्या गाळासह सुटत होती. ती पळवाट कॅनडाने २००६ मध्ये आणि अमेरिकेने २००८ मध्ये बुजवली, आणि तेव्हापासून नव्या जातींचे आगमन स्पष्टपणे मंदावले. बॅलास्ट पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला. अमलात यायला २०१७ साल उजाडले.

जहाजांचा दरवाजा बंद झाला तरी लहान खिडक्या उघड्याच होत्या. २००७ च्या जानेवारीत क्वागा शिंपला थेट वाळवंटातल्या लेक मीडमध्ये, हूवर धरणाच्या जलाशयात आढळला. हौशी नौकाविहाराची बोट गाडीला जोडून हजारो किलोमीटर नेता येते आणि ओलसर कोपऱ्यात शिंपला कित्येक दिवस जगतो. २०२१ मध्ये तर अमेरिकेतील दुकानांत मत्स्यालयासाठी विकल्या जाणाऱ्या शेवाळाच्या गोळ्यांत जिवंत झेब्रा शिंपले निघाले; ते गोळे युक्रेनमधून आले होते. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आयडाहोतील स्नेक नदीत क्वागाचे डिंभ सापडताच राज्याने नदीच्या त्या पट्ट्यात ताम्रयुक्त औषध सोडले. असंख्य मासे मेले. पुढच्याच वर्षी डिंभ पुन्हा सापडले आणि औषध पुन्हा सोडावे लागले.

पूर्ण उच्चाटन झाल्याची उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी, आणि तीही बंदिस्त पाण्यातली. व्हर्जिनियातील मिलब्रुक या पाणी साठलेल्या दगडखाणीत २००६ मध्ये पोटॅशियम क्लोराइड सोडून झेब्रा शिंपले संपवण्यात आले. दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियातील डार्विनचे, आणि तिथल्या शिंपल्याचा मुंबईशी संबंध आहे. मायटिलॉप्सिस सॅली हा शिंपला झेब्रा शिंपल्याच्याच कुळातला, पण खाऱ्या आणि मचूळ पाण्यात राहणारा, मूळचा मध्य अमेरिकेच्या परिसरातला. विशाखापट्टणम बंदरात १९६० च्या दशकात आणि पुढे मुंबई बंदरात त्याची नोंद झाली, आणि तो इथलाच होऊन गेला. डार्विनच्या नौकातळांत १९९९ च्या मार्चमध्ये तो दिसताच प्रशासनाने पाण्याचे दरवाजे बंद केले, ताम्र व क्लोरीन सोडून आतले सारे जीवन मारले, शेकडो होड्या तपासल्या आणि महिन्याभरात शिंपला निपटला. खर्च वीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक झाला. तिथल्या बंदिस्त नौकातळांना दरवाजे होते म्हणूनच हे शक्य झाले.

झेब्रा शिंपल्याला फार उष्ण पाणी मानवत नाही. तीस अंशांच्या आसपास तो तग धरेनासा होतो. दक्षिण चीनचा सोनेरी शिंपला मात्र उष्ण पाणीही सोसतो आणि कमी कॅल्शियमवरही भागवतो. १९९१ मध्ये तो अर्जेंटिनाच्या रिओ दे ला प्लाता नदीमुखात सापडला आणि दहा वर्षांत वर सरकत ब्राझील-पराग्वे सीमेवरच्या इताइपू या महाकाय जलविद्युत केंद्रापर्यंत गेला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातील स्टॉकटन बंदरात त्याची उत्तर अमेरिकेतील पहिली नोंद झाली. तो जहाजातूनच आला असावा, असे तिथल्या अधिकाऱ्यांचे मत आहे. स्टॉकटन ज्या त्रिभुज प्रदेशात वसले आहे, तिथूनच पंपांनी उचललेले पाणी कालव्यांवाटे दक्षिणेकडे जाते आणि त्यावर सुमारे दोन कोटी सत्तर लाख लोक अवलंबून आहेत. त्या कालव्याच्या वाटेवरील एका जलाशयात हा शिंपला त्याच महिन्यात सापडला.